भोकरदनला निधीआधी निगा हवी

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याला निघालेल्या गाड्या सिल्लोड ओलांडून थेट उत्तरेला निघून जातात. सिल्लोडहून पूर्वेला वळलं तर अर्ध्या-पाऊण तासात भोकरदन येतं, पण तिकडे वळतं कोण? ज्याचं तहसीलमध्ये काम आहे तो, ज्याची तिथं सोयरीक आहे तो, आणि बाजाराला निघालेला शेतकरी. नुसतं गाव बघायला म्हणून कुणी आलंच, तर टपरीवरचा पहिला प्रश्न ठरलेला: "इथं काय बघायचं?"

या प्रश्नावर वर्षानुवर्षं एकच औषध सुचवलं जातं. पर्यटन विकास आराखडा, त्यापुढे कोटींचा आकडा, 'क' वर्गातून 'ब' वर्गात बढती, एक कमान, एक उद्यान, चार फ्लडलाइट. अशा कामांचं पुढे काय होतं ते मराठवाड्यातल्या कुणालाही सांगायला नको. फीत कापली जाते, फोटो छापून येतात आणि दोन पावसाळ्यांत कमानीखाली गाजरगवत कमरेएवढं होतं. निधी मागायला हरकत नाही. हरकत क्रमाला आहे. जी जागा आज झाडली जात नाही, जिथं पाटी नाही, जिची नोंद नाही, तिथं ओतलेला पैसा टिकत नाही. म्हणून आधी निगा, मग निधी. भोकरदन आणि भोवतालची गावं डोळ्यांपुढे ठेवून ही बाजू मुद्देवार मांडतो.

मुद्दा १ : आपल्याकडे काय आहे, ते आधी आपल्याला सांगता आलं पाहिजे.

भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनचे रहिवासी आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या गावच्या माणसांच्या गाठीला इतका पैसा होता की शेकडो कोसांवरच्या स्तूपाला त्यांनी दान दिलं. हा पैसा आला वाटेमुळे. पैठणहून निघून अजिंठ्याचा घाट उतरून उज्जैनकडे जाणारा व्यापारी मार्ग याच टापूतून जात होता.

१९७३ साली मराठवाडा विद्यापीठ आणि नागपूर विद्यापीठ यांनी मिळून इथं उत्खनन केलं. देव आणि गुप्ते या पुरातत्त्वज्ञांचा अहवाल पुढच्याच वर्षी छापून आला. नाणी, मणी, मातीच्या मूर्ती असं बरंच सापडलं, पण सगळ्यांत बोलकी ठरली ती हस्तिदंती स्त्रीमूर्ती. ती भंगलेली आहे, वरचा भाग हरवलेला. तरीही तिने जगभरच्या अभ्यासकांना भोकरदनचं नाव घ्यायला लावलं.

कारण असं. इटलीतलं पॉम्पेई शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथल्या एका घरात १९३८ साली भारतीय घडणीची हस्तिदंती मूर्ती मिळाली. उंची जेमतेम वीतभर. अंगावर दागिन्यांशिवाय काही नाही. हातात बांगड्यांची चळत, पायांत जाड वाळे, पाठीवर वेणी, आणि दोन्ही बाजूंना शृंगाराचं साहित्य घेतलेल्या दोन चिमुकल्या दासी. डोक्यातून खाली गेलेलं एक भोक आहे, म्हणून ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या आसनाचा पाय असावा, असे तर्क झाले. सुरुवातीला तिचा माग मथुरेकडे लावला गेला. पण भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला याच धाटणीच्या मूर्ती मिळाल्यावर काही अभ्यासकांनी तिचं माहेर दख्खनमध्ये शोधायला सुरुवात केली. पॉम्पेईची मूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे आणि तिच्यावरच्या अभ्यासात भोकरदनचा उल्लेख आल्यावाचून राहत नाही. भोकरदनच्या बसस्थानकात मात्र याविषयी एक ओळ लिहिलेली नाही. ती लिहायला कोणता आराखडा लागतो?

मुद्दा २ : वस्तू बाहेर गेल्या, त्यांची ओळख तरी गावात राहू द्या.

उत्खननातल्या वस्तू विद्यापीठांकडे गेल्या, ते योग्यच झालं. हस्तिदंताला लागणारी देखभाल कुणाच्या माडीवर होत नसते. पण मूळ वस्तू नाही म्हणून गावात काहीच असू नये, हे पटत नाही.

तेरचं उदाहरण घ्या. रामलिंगप्पा लामतुरे हे त्या गावचे गृहस्थ. गावच्या जुन्या टेकाडातून निघणारे मणी, नाणी, बाहुल्या, भांडी ते गोळा करत राहिले. त्यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं संग्रहालय आज राज्य शासनाकडे आहे आणि त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. तिथली हस्तिदंती बाहुली बघायला लोक वाट वाकडी करून तेरला जातात. तेरमध्ये आधी एका माणसाची कळकळ आली, मग संग्रह आला, आणि सरकार शेवटी आलं.

भोकरदनने सुरुवातीला एक खोली द्यावी. नगरपरिषदेच्या इमारतीत असो की वाचनालयात. उत्खननातल्या निवडक वस्तूंची मोठी छायाचित्रं, पाच-सहा चांगल्या प्रतिकृती, व्यापारी मार्गाचा भिंतभर नकाशा आणि अहवालाचा मराठीत सोपा सारांश. विद्यापीठांच्या पुरातत्त्व आणि इतिहास विभागांना पत्र दिलं, पाठपुरावा केला, तर हे काम एका शैक्षणिक वर्षात होण्यासारखं आहे.

मुद्दा ३ : पांढरीची माती म्हणजे फुकटची माती, ही समजूत सोडायला हवी.

मराठवाड्यात जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढरी म्हणतात. तिथली माती धाब्याच्या घरांवर टाकायला चांगली, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या टोपल्यांनी नेली गेली. टोपलीने फार काही बिघडत नव्हतं. आता जेसीबी आणि ट्रॅक्टर आहेत, आणि दोन हजार वर्षांचे थर एका दुपारी उचलले जातात. खापरं, मणी, विटा सगळं ढिगाऱ्यात जातं. ज्याच्या हाती काही लागतं तो गप्प बसतो, कारण सांगितलं तर चौकशीचा ससेमिरा मागे लागेल ही भीती.

ती भीती अगदीच निराधार नाही. जमिनीत सापडलेल्या ठेव्याबद्दल १८७८ पासूनचा कायदा आहे. ठराविक किमतीवरचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं त्यात बंधनकारक आहे. पण प्रशासनाने याची फक्त शिक्षेची बाजू लोकांपर्यंत पोचवली. कळवणाऱ्याची ग्रामसभेत शाल-श्रीफळ देऊन दखल घ्या, वस्तूची रीतसर पावती द्या, तिचा फोटो शाळेत लावा. मग बघा, लोक आपणहून बोलू लागतील. तलाठी, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांना वर्षातून एकदा दोन तासांचं प्रशिक्षण दिलं तरी पुरे: कोणती माती हलवू द्यायची नाही आणि कुणी काही आणून दाखवलं तर पुढे काय करायचं.

मुद्दा ४ : असईचा पराभव लपवण्यासारखा नाही.

भोकरदनच्या पूर्वेला, केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथं आर्थर वेलस्लीच्या कंपनी फौजेने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या एकत्रित सैन्याचा पराभव केला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवलं. पण उतारवयात त्याला लढाईतली आपली सर्वोत्तम कामगिरी विचारली गेली तेव्हा त्याने वॉटर्लू सोडून असईचं नाव घेतलं.

त्या दिवसाची एक गोष्ट केळनेच्या काठावर उभं राहूनच समजते. वेलस्लीला नदी ओलांडायची होती. नदीला उतार नाही, असं वाटाड्यांनी सांगितलं. त्याने पाहिलं तर दोन काठांवर दोन गावं समोरासमोर होती, इंग्रजी वृत्तांतांत ज्यांना पीपुलगाव आणि वरूर म्हटलंय ती. गावं अशी तोंडाला तोंड लावून वसली असतील तर त्यांचं जाणं-येणं असणारच, म्हणजे उतारही असणारच, असा त्याने तर्क केला. तो खरा निघाला. शिंद्यांच्या पायदळाची कमान पोलमन नावाच्या जर्मन अधिकाऱ्याकडे होती. त्याने फळी झटपट फिरवली आणि मग जे झालं ते अतिशय रक्तरंजित होतं. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपासून हलले नाहीत. फळी मोडून शत्रू पुढे गेल्यावर, मेल्याचं सोंग घेऊन पडलेले काही जण उठले आणि त्यांनी त्याच तोफा मागून डागल्या. कंपनीकडची दीड हजारांहून अधिक माणसं मारली गेली, जखमी झाली वा बेपत्ता झाली. त्यांत मद्रासी शिपाई मोठ्या संख्येने होते. भारतीय लष्कराच्या मद्रास रेजिमेंटच्या बोधचिन्हावर आजही असईचा हत्ती आहे.

यावर ठरलेला आक्षेप येतो: हरलेल्या लढाईचं कौतुक कशाला? मग पानिपतला आपण काय बघायला जातो? काला अंबला दर १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसं जातात आणि कुणी त्यांना पराभवाचं कौतुक करणारी म्हणत नाही. तोच न्याय घरच्या अंगणातल्या असईला लावायचा. इथं शौर्य कमी पडलं नव्हतं. कमी काय पडलं, याचा धडा याच मातीत शिकवता येतो.

आणि असईला जमिनीचा एक गुंठाही संपादित करायची गरज नाही. रणांगण आज शेतांचं आहे आणि ते शेतांचंच राहावं. नदीच्या उताराजवळ, गावाच्या वेशीजवळ, दोन नद्यांच्या संगमाकडे आणि फाट्यावर अशा चार पाट्या, त्यावर लढाईचा नकाशा, आणि बांधाबांधाने जाणारी एक पायवाट. पाट्यांवर 'असाये' आणि 'कैतना' ही इंग्रजी पुस्तकांतली रूपंही हवीत, कारण परदेशी अभ्यासक ती नावं शोधत येतो आणि असई-केळनेच्या पाटीसमोरून पुढे निघून जातो. ज्यांच्या शेतातून वाट जाईल त्यांची परवानगी आणि पिकाचं नुकसान झालं तर भरपाई, हे आधी ठरवायचं. नाहीतर पहिल्याच सुगीत भांडण ठरलेलं.

मुद्दा ५ : अन्व्याच्या देवळाचं ओझं एकट्या गावाने का वाहावं?

तालुक्याच्या उत्तरेला अन्वा. तिथलं मध्ययुगीन देऊळ गावकऱ्यांच्या तोंडी 'मढ' आहे. आज गाभाऱ्यात शिवलिंग असलं तरी बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं वैष्णव परंपरेशी नातं सांगतात. हातातली आयुधं मोजत या भिंतीला प्रदक्षिणा घातली की तास कसा गेला ते कळत नाही. अजिंठ्याला आलेल्या माणसाला तिथून हे देऊळ काही फार लांब नाही.

पण केंद्र संरक्षित स्मारक म्हटलं की गावाच्या वाट्याला काय येतं? २०१० च्या दुरुस्तीनंतर कायद्याने अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचं क्षेत्र प्रतिबंधित आणि पुढचं २०० मीटर नियंत्रित केलं आहे. घरकुल मंजूर झालेल्या माणसाला अचानक कळतं की इथं नवीन बांधकाम करता येणार नाही. जुन्या घराची दुरुस्ती सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीने करता येते, पण ती परवानगी कुठे मागायची, कोणते कागद जोडायचे, हे सांगणारं गावात कुणी नाही. मग देऊळ म्हणजे डोक्याला ताप, ही भावना वाढते. अशा भावनेत कुणी शिल्पावरची शेवाळ बघत नाही की पडलेला दगड उचलत नाही.

मागणी साधी आहे. हद्दी दाखवणारा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, अर्जाची कृती मराठीत छापून द्या आणि पुरातत्त्व खात्याच्या माणसाने ठराविक दिवशी तहसील कार्यालयात बसावं. नियम पाळण्याचा त्रास गावाने सोसायचा असेल तर स्मारकाभोवतीची साफसफाई, राखण आणि माहिती सांगण्याची कामंही त्याच गावातल्या माणसांना मिळाली पाहिजेत.

मुद्दा ६ : ज्याची नोंद नाही, ते गेल्याचंही कळत नाही.

घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. तिथल्या राममंदिरातल्या पुरातन मूर्ती ऑगस्ट २०२२ मध्ये चोरीला गेल्या. जिल्हा हादरला, विधिमंडळात आवाज उठला आणि ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी मूर्ती हुडकून काढल्या. त्या मूर्ती मिळाल्या, कारण त्या सगळ्यांना ठाऊक होत्या, त्यांचे फोटो होते आणि त्यांच्यासाठी लोक रस्त्यावर आले.

आता पारावर, पिंपळाखाली, पडक्या बारवेच्या काठाला मांडून ठेवलेल्या मूर्तींचा विचार करा. शेंदूर लावलेला वीरगळ, अर्धी तुटलेली चामुंडा, नांगराला लागलेला नंदी. यातलं एखादं शिल्प उद्या नाहीसं झालं तर फिर्यादीत लिहिणार काय? 'एक जुना दगड'? प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतल्या अशा वस्तूंची यादी करावी. फोटो, लांबी-रुंदी, नेमकी जागा, बस. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका शिबिरात चार गावं सहज होतील. यादीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक तहसीलमध्ये, एक पोलीस ठाण्यात.

मुद्दा ७ : पहिला पाहुणा तालुक्यातलाच हवा.

भोकरदनमध्येच केळनेच्या काठी कातळात खोदलेली वैष्णव लेणी आहेत, साधारण राष्ट्रकूट काळातली. तालुक्यातल्या किती शाळांची सहल तिथं गेली? सहल म्हटली की वॉटर पार्क नाहीतर महाबळेश्वर. ज्या पोराला परवडत नाही तो त्या दिवशी घरी. पाचवी ते दहावीच्या प्रत्येक मुलाला वर्षातून एक दिवस तालुक्यातलीच जागा दाखवायची, असं शिक्षण विभागाने ठरवलं तर खर्च बसच्या डिझेलचा आणि खिचडीचा. शिवाय ज्या लेण्यात दर आठवड्याला पोरं येतात तिथं दारूच्या बाटल्या पडत नाहीत. पहाऱ्याचा याहून स्वस्त बंदोबस्त नाही.

यातलीच दहा-वीस मुलं पुढे वाटाडे म्हणून तयार करता येतील. अट एक: दंतकथा दंतकथा म्हणून सांगायची आणि इतिहास इतिहास म्हणून. प्रत्येक भुयार दौलताबादला निघतं, ही माहिती आता पुरे झाली.

मुद्दा ८ : गर्दी सांभाळण्याचा अनुभव आपल्याकडे आहे, सोयीचा नाही.

राजूरचा गणपती हे साडेतीन पीठांपैकी एक मानलं जातं. अंगारकीला राजूरच्या रस्त्यांवर रात्रीपासून पायी निघालेल्या भाविकांची रीघ असते. त्या दिवशी एसटी जादा गाड्या सोडते, पोलीस येतात, गावोगावी फराळ आणि चहाचे मंडप पडतात. म्हणजे पाहुण्याचं करणं या तालुक्याला शिकवायची गरज नाही. पण राजूरला आलेला माणूस दर्शन घेऊन माघारी जातो, कारण तिथून पुढे काय आहे हे त्याला कुणी सांगत नाही. मंदिराच्या आवारात तालुक्याचा एक मोठा नकाशा, आणि सुट्टीच्या दिवसांत राजूर, भोकरदन, असई, अन्वा अशी एक फेरीची बस. चालली तर चालली, नाही तर हंगामानंतर बंद करता येते.

आणि स्वच्छतागृह. हा विषय भाषणांत शेवटी येतो आणि प्रत्यक्षात पहिला असतो. बायकांना जायला जागा नाही म्हणून कुटुंबं अशा ठिकाणी थांबत नाहीत. बांधकाम एकदाच होतं. पाणी, झाडू आणि कुलपाची किल्ली यांची रोजची जबाबदारी कुणाची, हे ठरल्याशिवाय एकही नवीन स्वच्छतागृह बांधू नये.

मुद्दा ९ : "प्यायला पाणी नाही आणि पर्यटन कसलं?" हा प्रश्न रास्त आहे.

जुई धरण आटलं की शहरासह भोवतालच्या गावांच्या नळयोजना अडचणीत येतात. मका, सोयाबीन, कापसाला भाव नाही, तरुण पोरं वाळूजच्या नाहीतर जालन्याच्या कारखान्यांत. अशा तालुक्यात पर्यटनाने सोनं पिकेल असं कुणी म्हणत असेल तर तो फसवतो आहे. अजिंठ्याच्या पायथ्याची गावं बघा. १९८३ पासून जागतिक वारसा शेजारी आहे, म्हणून तिथल्या कोरडवाहूचं बागायत झालं नाही.

म्हणूनच इथं मागितलेली कामं कमी खर्चाची आहेत आणि पाण्याच्या ताटातलं काही ओढणारी नाहीत. उलट काही ठिकाणी दोन्ही कामं एकच ठरतात. बारव उपसली तर वारसाही मोकळा होतो आणि झराही. राज्यात बारव मोहिमेने जागोजागी तेच केलं आणि महाशिवरात्रीला त्या पायऱ्यांवर दिवे लावले. जालना शहराचा घाणेवाडी तलाव निजामाच्या काळातला. २०१० नंतर त्यातला गाळ काढायला नागरिक स्वतः पुढे आले, वर्गणी काढली, आणि गाळ शेतकऱ्यांनी शेतात नेला. याच जिल्ह्यात हे झालं आहे, तेव्हा लोकांना सवय नाही ही सबब इथं चालायची नाही.

मुद्दा १० : कोणी काय करायचं?

नगरपरिषदेने एक खोली, लेण्यांकडे जाणारा रस्ता आणि बसस्थानकातला फलक. ग्रामपंचायतींनी मूर्तींची यादी, आणि विकास आराखड्यात वारशासाठी छोटी का होईना स्वतंत्र तरतूद. पुरातत्त्व खात्याने नकाशा आणि परवानगीची मराठी कृती. शिक्षण विभागाने तालुक्याची सहल. एसटीने सुट्टीची फेरी. जिल्हा नियोजन समितीने नवी कमान मंजूर करण्याआधी एक प्रश्न विचारावा: जुन्या जागेची पुढची पाच वर्षं झाडलोट कोण करणार, त्याचं नाव आणि पगार कुठे लिहिला आहे? उत्तर नसेल तर फाइल परत.

हे सगळं एका वर्षात तपासता येण्यासारखं आहे. पाटी लागली की नाही, यादी झाली की नाही, किल्ली कुणाकडे आहे, याची उत्तरं हो किंवा नाही अशीच येतात. वर्षभर एवढं नीट चाललं तर कोटींचा आराखडा खुशाल मागावा, तेव्हा तो मागायचा हक्कही असेल. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. यातली जी पुढे येईल तिच्या विषयपत्रिकेवर गावच्या वारशाची यादी हा विषय असावा, आणि तो शेवटी 'ऐनवेळचे विषय' या सदरात ढकललेला नको, क्रमांक घालून छापलेला हवा.